ताण, खेळ आणि इंग्रजीचा पेपर

परदेशी शिकायला किंवा नोकरीला जायचे म्हटले, की आपल्याकडील मुलामुलींना पासपोर्टाइतकीच चिंता इंग्रजीच्या परीक्षेची असते. कोणी अभियांत्रिकीच्या पुढल्या अभ्यासाला निघालेला असतो, कोणी परिचारिका म्हणून परदेशातल्या इस्पितळात जाणार असते. अशा परीक्षांपैकी 'आयेल्ट्स' ही परीक्षा १९८९ सालापासून चालू आहे. तिच्यात शून्य ते नऊ अशा पट्टीवर गुण मिळतात. लेखन आणि संभाषण या दोन्ही भागांत परीक्षक चार कसोट्या लावतात, आणि त्यांतली एक कसोटी निव्वळ शब्दसंपत्तीची असते. म्हणजे या दोन भागांतले पाव गुण शब्दांवर अवलंबून. खेळ, आरोग्य आणि मनावरचा ताण हे विषय तर या परीक्षांत फिरून फिरून येतात. तेव्हा या विषयाचे शब्द कसे शिकावेत, ते आज जरा निवांत पाहू.

बहुतेक विद्यार्थी काय करतात? वहीच्या पानावर मधोमध रेघ मारतात. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. 'स्ट्रेस' म्हणजे ताण, 'टेन्शन' म्हणजे ताण, 'स्ट्रेन' म्हणजे ताण, 'प्रेशर' म्हणजे दाब किंवा ताण. आता तुम्हीच सांगा, चार शब्दांपुढे एकच अर्थ लिहिला तर ऐन वेळी कोणता शब्द उचलायचा हे कळणार कसे? परीक्षेच्या दालनात घड्याळ पुढे सरकत असते, तळहाताला घाम सुटलेला असतो, आणि मग चारांपैकी जो आधी ओठांवर येईल तो बोलून मोकळे व्हायचे. शब्द पाठ असूनही उपयोगी पडत नाहीत, ते यामुळे. ज्या ताणाचे वर्णन करायचे, त्याच ताणाखाली बसून ते करायचे असते! म्हणून हे शब्द नुसते ठाऊक असून भागत नाही, ते दडपणाखालीही हाताशी यावे लागतात.

सुरुवात एका गमतीने करू. 'स्पोर्ट' आणि 'स्ट्रेस' हे दोन्ही शब्द डोके छाटलेले आहेत. जुन्या इंग्रजीत 'डिस्पोर्ट' असा शब्द होता. तो आला फ्रेंचमधून, आणि त्याचा अर्थ कामावरून मन दुसरीकडे नेणे, मनोरंजन करणे. बोलता बोलता त्याचे पहिले अक्षर गळाले आणि 'स्पोर्ट' उरला. तसेच 'डिस्ट्रेस' म्हणजे हाल, विपत्ती. त्याचेही तोंड झिजून 'स्ट्रेस' झाला. त्याच्या मुळाशी जो लॅटिन शब्द आहे, त्याचा अर्थ आवळून घट्ट केलेला. म्हणजे एक शब्द मन मोकळे करणारा आणि दुसरा मन आवळणारा. मैदानावर हे दोघे रोज एकमेकांसमोर उभे राहतात. ही जोडी एकदा लक्षात आली, की दोन्ही शब्द विसरायचे म्हटले तरी विसरता येत नाहीत.

'स्ट्रेस' हा शब्द अभियंते फार पूर्वीपासून वापरत. लोखंडाच्या तुळईवर भार पडला की तिच्या अंतरंगात जे बल निर्माण होते त्याला ते 'स्ट्रेस' म्हणत, आणि त्यामुळे तुळईच्या आकारात जो फरक पडतो त्याला 'स्ट्रेन'. माणसाच्या संदर्भात हा शब्द रूढ केला तो मुख्यतः हान्स सेली या शास्त्रज्ञाने. कॅनडातील माँट्रियल येथे काम करताना त्याला उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले, की थंडी असो, जखम असो, अतिश्रम असोत की विषारी द्रव्य असो, शरीर या सगळ्यांना ठरावीक साच्याने तोंड देते. हे त्याने १९३६ साली प्रसिद्ध केले आणि पुढे या अवस्थेला 'स्ट्रेस' हे नाव दिले. आज तुमच्या उताऱ्यात हा शब्द येतो तो या वाटेने आलेला असतो.

आता त्या चार शब्दांकडे वळू. 'प्रेशर' हे बाहेरून येते. प्रेक्षकांचे, प्रशिक्षकाचे, घरच्यांच्या अपेक्षांचे. आपण त्याला 'दडपण' म्हणतो, आणि ते वरूनच येते, म्हणून इंग्रजीतही खेळाडू 'अंडर प्रेशर' असतो, दडपणाखाली असतो. 'स्ट्रेस' म्हणजे त्या दडपणाने आत जे घडते ते. 'स्ट्रेन' म्हणजे त्याची झीज, त्याचा शरीरावर उमटलेला परिणाम. स्नायू दुखावला तर इंग्रजीत 'मसल स्ट्रेन'च म्हणतात. आणि 'टेन्शन' म्हणजे ताणलेली अवस्था, मग ती दोरीची असो, स्नायूंची असो, की सामन्याच्या शेवटच्या षटकात साऱ्या मैदानावर पसरलेली असो. बाहेरचे ते प्रेशर, आतले ते स्ट्रेस, उरलेली खूण म्हणजे स्ट्रेन, आणि ताठलेपण ते टेन्शन. एवढे ध्यानात ठेवले तरी वहीतली रेघ पुसायला हरकत नाही.

पण 'टेन्शन' या शब्दाजवळ जरा थांबा. हा शब्द आपण मराठीत इतका मुरवून घेतला आहे, की 'टेन्शन घेऊ नकोस' हे वाक्य शेंबड्या पोरालाही येते. इंग्रजी बोलतानाही मग आपण 'डोन्ट टेक टेन्शन' म्हणून जातो. परदेशी परीक्षकाला ते खटकेल. तिथे 'डोन्ट वरी' म्हणतात, किंवा 'मला टेन्शन आहे' याऐवजी 'आय ॲम अंडर अ लॉट ऑफ स्ट्रेस' असे म्हणतात. असाच दुसरा फसवा शब्द म्हणजे 'कोप'. ताणाला तोंड देणे म्हणजे 'कोप विथ स्ट्रेस'. आपल्याकडे त्यात हमखास एक 'अप' घुसतो आणि 'कोप अप विथ' होते. हा 'अप' साऱ्या हिंदुस्थानात बोकाळला आहे, पण प्रमाण इंग्रजीत त्याला जागा नाही. तो काढून टाका.

तिसरी गफलत 'स्ट्रेसफुल' आणि 'स्ट्रेस्ड' यांची. सामना 'स्ट्रेसफुल' असतो, खेळाडू 'स्ट्रेस्ड' असतो. 'आय ॲम स्ट्रेसफुल' असे म्हटलेत तर त्याचा अर्थ होईल, माझ्यामुळे दुसऱ्यांना ताप होतो! तसेच 'एक्झॉस्टिंग' आणि 'एक्झॉस्टेड'. सराव दमवणारा, खेळाडू दमलेला. पाहा, दमवणारा आणि दमलेला हा भेद आपली भाषा किती स्वच्छ करते. मग मराठीचाच आधार घेतला तर इंग्रजीत चूक होण्याचे कारण काय?

'विन' आणि 'बीट' यांचेही तसेच. आपण सामना 'जिंकतो' आणि प्रतिस्पर्ध्याला 'हरवतो'. इंग्रजीतही सामना, पदक, शर्यत यांना 'विन' आणि माणसाला किंवा संघाला 'बीट'. 'वुई वन देम' असे लिहिणारा विद्यार्थी मराठी विसरून इंग्रजी लिहीत असतो, एवढाच त्याचा अर्थ. आणि हरणे या अर्थाचा 'लूझ' लिहिताना त्यात 'ओ' एकच घालायचा. दोन 'ओ' घातलेत, की तो 'लूस' म्हणजे सैल होतो आणि उच्चारही बदलतो.

आता एक खरा सामना घेऊ, म्हणजे शब्दांना अंगावर मांस चढेल. १९९३ सालची विम्बल्डनची महिलांची अंतिम लढत. एका बाजूला जर्मनीची स्टेफी ग्राफ, दुसऱ्या बाजूला झेक प्रजासत्ताकाची याना नोवोत्ना. पहिला सेट ग्राफने घेतला, दुसरा नोवोत्नाने ६-१ असा आरामात घेतला. तिसऱ्या आणि निर्णायक सेटमध्ये नोवोत्ना ४-१ अशी पुढे होती, सर्व्हिस तिचीच होती, आणि आणखी एक गुण मिळाला असता तर ५-१ झाले असते. नेमक्या त्या क्षणी तिच्या दोन्ही सर्व्हिस चुकल्या, 'डबल फॉल्ट' झाला. तो गेम गेला, आणि मग हातातून वाळू निसटावी तसे सगळेच निसटत गेले. ग्राफने ओळीने पाच गेम जिंकले आणि सामना ७-६, १-६, ६-४ असा खिशात घातला. बक्षीस समारंभात नोवोत्नाला रडू आवरेना, तेव्हा केंटच्या डचेसने तिला जवळ घेऊन तिचे सांत्वन केले. ते छायाचित्र जगभर गाजले.

या प्रसंगासाठी इंग्रजी वर्तमानपत्रे एक शब्द वापरतात, 'चोक'. शब्दशः अर्थ घशात अडकून गुदमरणे. जे हातखंडा जमत होते ते ऐन मोक्याला न जमणे, असा त्याचा खेळातला अर्थ. आणखी एक गंमत पाहा. चिंता या अर्थाचा 'ॲन्झायटी' हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून आला, त्याचाही अर्थ आवळणे, गळा घोटणे असाच आहे. आपणही म्हणतो ना, भीतीने तोंडातून शब्द फुटेना, घशाला कोरड पडली. भाषा निरनिराळ्या असल्या तरी गळा सगळ्यांचा सारखाच आवळला जातो.

पण हा 'चोक' शब्द परीक्षेत जपून वापरावा. एक तर तो बोलीतला आहे, आणि दुसरे म्हणजे तो थोडा निर्दय आहे. संभाषणात चालेल, निबंधात नको. निबंधात 'शी अंडरपरफॉर्म्ड' म्हणजे तिने आपल्या कुवतीपेक्षा कमी कामगिरी केली, किंवा 'शी लॉस्ट हर नर्व्ह' म्हणजे तिचे अवसान गळाले, असे लिहावे. आता या 'नर्व्ह'चीही एक खुबी आहे. एकवचनात हा शब्द हिंमत दाखवतो, अनेकवचनात नेमका त्याच्या उलट. 'होल्ड युअर नर्व्ह' म्हणजे धीर सोडू नको, आणि 'ॲन अटॅक ऑफ नर्व्हज' म्हणजे धाबे दणाणणे. शेवटी एक 'एस' वाढला, आणि शूराचा भित्रा झाला!

या घराण्यातली आणखी काही मंडळी ओळखून ठेवा. 'क्रॅक अंडर प्रेशर' म्हणजे दडपणाखाली तडा जाणे, कोसळणे. त्याच्या उलट 'थ्राइव्ह ऑन प्रेशर' म्हणजे दडपण आले की उलट अधिक खुलणे. 'राइझ टू दि ऑकेजन' म्हणजे प्रसंगाला किंवा कसोटीला उतरणे. 'कम्पोझर' म्हणजे चित्ताचा ठाव न सुटणे. आणि 'बर्नआउट' म्हणजे एका दिवसाचा थकवा नव्हे. महिनोन् महिने स्वतःला जाळत राहिल्यावर आतली ज्योतच मंदावते, ते बर्नआउट. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ साली सेवाकार्यातील माणसांच्या अशा अवस्थेविषयी लिहिले, तेव्हापासून हा शब्द शास्त्रीय लेखनात रुळला. पुढे तो मैदानावरही आला.

नोवोत्नाची गोष्ट मात्र तिथे संपत नाही. १९९७ साली ती पुन्हा विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात आली आणि पुन्हा हरली. १९९८ साली तिसऱ्यांदा आली, आणि जिंकली. यासाठी इंग्रजीत 'रेझिलिअन्स' असा शब्द आहे. दाबलेली स्प्रिंग जशी उसळून पूर्ववत होते, तशी माणसाची पुन्हा उभे राहण्याची ताकद. 'पर्सिव्हिअरन्स' म्हणजे चिकाटी. रेझिलिअन्समध्ये पडून उठणे आहे, पर्सिव्हिअरन्समध्ये न थांबणे आहे. नोवोत्नाने दोन्ही दाखवली, म्हणून तिची गोष्ट सांगताना दोन्ही शब्द आपापल्या जागी बसतात.

तुम्ही म्हणाल, मग ताण वाईटच म्हणायचा का? तसे नाही. १९०८ साली रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या दोन अमेरिकन संशोधकांनी उंदरांवर एक प्रयोग केला. दोन पेट्यांतली योग्य पेटी ओळखायची, चुकले तर विजेचा धक्का. पेट्यांमधला फरक ठळक असताना धक्का जितका जोरदार तितके उंदीर लवकर शिकले. पण फरक ओळखणे अवघड केल्यावर मध्यम धक्काच सर्वांत उपयोगी ठरला, फार जोराच्या धक्क्याने उंदीर गोंधळले. यावरून पुढे मानसशास्त्रात एक डोंगरासारखी वक्ररेषा प्रसिद्ध झाली. मनाची उत्तेजना, म्हणजे 'अराउझल', वाढत जाते तशी कामगिरी आधी चढते, शिखर गाठते, आणि मग घसरते. या एका आकृतीत परीक्षेचे किती शब्द आहेत पाहा. 'इन्क्रीज' म्हणजे वाढणे, 'पीक' म्हणजे शिखर, 'ऑप्टिमल' म्हणजे सर्वांत अनुकूल, 'डिक्लाइन' म्हणजे उतरण. लेखनाच्या पहिल्या प्रश्नात आलेखाचे वर्णन करायला सांगतात, तिथे हेच शब्द लागतात.

हे शिखर प्रत्येक खेळात मात्र एकाच जागी नसते. याची दोन उदाहरणे आपल्या महाराष्ट्रातच आहेत. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकचे वैयक्तिक पदक मिळायला तब्बल ७२ वर्षे जावी लागली. २०२४ साली पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक घेतले. आता पाहा, कुस्तीगीर आखाड्यात उतरताना शड्डू ठोकतो, अंगातले रक्त सळसळावे अशी त्याची इच्छा असते. याला इंग्रजीत 'साइक युअरसेल्फ अप' म्हणतात. नेमबाजाने असे केले तर नेम चुकलाच म्हणून समजा! त्याला श्वास संथ ठेवायचा असतो, हात स्थिर ठेवायचा असतो. त्याच्यासाठी शब्द 'काम' आणि 'स्टेडी'. एकाला ताण चढवावा लागतो, दुसऱ्याला उतरवावा लागतो. 'स्ट्रेस ॲफेक्ट्स परफॉर्मन्स' हे वाक्य कोणीही लिहील. पण तो परिणाम खेळागणिक बदलतो असे जो लिहील, त्याच्या शब्दांना विचाराचे बळ मिळेल.

शरीरात हे घडते कसे, हेही उताऱ्यांत हमखास येते. धोका दिसला की शरीर झुंजायला किंवा पळायला सज्ज होते. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ सालच्या आपल्या ग्रंथात याचे विवेचन केले, आणि 'फाइट ऑर फ्लाइट' हा शब्दप्रयोग त्याच्या नावाशी कायमचा जोडला गेला. मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या दोन लहान ग्रंथींतून 'ॲड्रिनलिन' रक्तात उतरते. छाती धडधडते, श्वास भरभर चालतो, स्नायूंकडे रक्त धावते. या ग्रंथींचे इंग्रजी नाव 'ॲड्रीनल'. लॅटिनमध्ये 'ॲड' म्हणजे जवळ आणि 'रेन' म्हणजे मूत्रपिंड. मराठीत आपण त्यांना 'अधिवृक्क ग्रंथी' म्हणतो, 'अधि' म्हणजे वर आणि 'वृक्क' म्हणजे मूत्रपिंड. दोन भाषांनी एकाच रीतीने नाव घडवले! अवघड वाटणाऱ्या इंग्रजी संज्ञा अशा फोडून पाहिल्या, तर त्या आपल्याच घरच्या निघतात. पोटात जो गोळा येतो, त्याला इंग्रज 'बटरफ्लाइज इन द स्टमक' म्हणतो. आपला गोळा, त्याची फुलपाखरे, पण पोट तेच.

'स्ट्रेस'चा आणखी एक अर्थ सांगायला हवा, कारण संभाषणाच्या परीक्षेत त्याचेही गुण असतात. शब्द उच्चारताना एखाद्या अक्षरावर जो जोर द्यायचा, त्यालाही इंग्रजीत 'स्ट्रेस' म्हणतात. मराठीत आपण सर्व अक्षरांना बहुधा सारखे वागवतो, इंग्रजी तसे करत नाही. 'परफॉर्मन्स'मध्ये जोर 'फॉर्'वर. 'ॲथलीट'मध्ये पहिल्या अक्षरावर, पण 'ॲथलेटिक' झाला की तो दुसऱ्या अक्षरावर सरकतो. 'कम्पीट'मध्ये दुसऱ्यावर, 'कॉम्पिटिशन'मध्ये तिसऱ्यावर. शब्दाचे कुटुंब शिकताना हा जोर कुठे सरकतो तेही मोठ्याने म्हणून पाहावे. शब्द ओळखीचा असूनही ध्वनिमुद्रणात कळला नाही, असे पुष्कळदा या जोरामुळेच होते. आणि आयेल्ट्सच्या श्रवणपरीक्षेत ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवतात हे विसरू नका.

आता मुख्य प्रश्न. हे शब्द ऐन वेळी आठवावेत म्हणून काय करावे?

पहिली गोष्ट, एकटा शब्द पाठ करू नये, त्याच्या सोबत्यांसह करावा. 'प्रेशर' नव्हे तर 'अंडर प्रेशर', 'रिकव्हर' नव्हे तर 'रिकव्हर फ्रॉम ॲन इंज्युरी', 'कोप' नव्हे तर 'कोप विथ'. आपणही लहानपणी 'अवसान' हा शब्द सुटा शिकलो नाही. 'अवसान गळाले' असाच ऐकला आणि तसाच बोलू लागलो.

दुसरी गोष्ट, पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा वही मिटून आठवून पाहावे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी याची चाचणी घेतली. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तर पुन्हा वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने विचारले, तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले होते. वाचताना शब्द ओळखीचा वाटतो आणि आपण समजतो, आला. पण ओळख वेगळी आणि हुकमत वेगळी. आज शिकलेले शब्द उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने आठवून पाहावेत. आठवताना जी धडपड होते तीच खरी तालीम.

तिसरी गोष्ट, तालीम घड्याळ लावून करावी. कोणताही खेळाडू सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा सामना खेळत नाही. आयेल्ट्सच्या संभाषणात एक चिठ्ठी देतात, तयारीला एक मिनिट मिळते आणि मग एक ते दोन मिनिटे बोलायचे असते. घरीही तसेच करा. वर्तमानपत्राचे खेळाचे पान उघडा, कालचा एखादा सामना निवडा, एक मिनिट विचार करा, आणि दोन मिनिटे त्याविषयी इंग्रजीत मोठ्याने बोला. आई, ताई, शेजारचा मित्र, कोणाला तरी समोर बसवा. त्यांना इंग्रजी आलेच पाहिजे असे नाही. समोर माणूस असला की थोडे दडपण येते, आणि तेच आपल्याला हवे आहे. दडपणात वापरलेले शब्द दडपणात आठवतात.

आणि शेवटी परीक्षेच्या दिवसाविषयी. पुष्कळ हितचिंतक दारातच सांगतात, 'अगदी शांत राहा बरं का.' सांगणे सोपे, पण धडधडणारी छाती एकदम शांत कशी व्हावी? २०१४ साली हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट प्रसिद्ध केली. गाणे, भाषण, गणित अशी दडपणाची कामे करण्यापूर्वी काही जणांना स्वतःविषयी 'मी उत्सुक आहे', म्हणजे 'आय ॲम एक्सायटेड', असे म्हणायला लावले. शांत होण्याचा प्रयत्न करणाऱ्यांपेक्षा त्यांची कामगिरी सरस झाली. विचार केला तर यात नवल नाही. 'नर्व्हस' माणसाची छाती धडधडते, 'एक्सायटेड' माणसाचीही धडधडते. खुणा त्याच, नाव वेगळे. नाव बदलले की त्याच धडधडीकडे आपण संकट म्हणून न पाहता हुरूप म्हणून पाहू लागतो.

शब्द शिकायचे ते यासाठीही. दडपण, ताण, धास्ती, हुरूप यांतले नेमके काय आपल्याला झाले आहे, हे ज्याला सांगता येते, त्याला त्यावर उपायही लवकर सुचतो. ज्याच्यापाशी सगळ्याला मिळून 'टेन्शन' हा एकच शब्द आहे, त्याला सगळे सारखेच भिववते. तेव्हा मित्रहो, आज रात्री वहीतल्या त्या दोन रकान्यांच्या यादीतून एवढे पाचच शब्द उचला: प्रेशर, स्ट्रेन, नर्व्ह, कम्पोझर, रेझिलिअन्स. प्रत्येकाला एक सोबती द्या, आणि नोवोत्नाची गोष्ट वही मिटून, घड्याळ लावून, दोन मिनिटांत कोणाला तरी इंग्रजीत सांगा. अडखळलात तरी थांबू नका. गोष्ट १९९३ सालाशी सोडू नका, १९९८ पर्यंत न्या.